माझ्या बरणीतले बांगडे

आमच्या घरात विकत आणायच्या वस्तू अगदी मोजक्या होत्या. रॉकेल, काड्यापेटी, चहाची पूड, गूळ आणि बाबांचा तंबाखू. बाकी जे काही पोटात जायचं ते आईने एक तर समुद्राकडून घेतलेलं असायचं, नाही तर कुणाकडून तरी बदलून आणलेलं. सुका बोंबील देऊन तांदूळ, जवळा देऊन कुळीथ, खारा बांगडा देऊन कोकम. मांडवीला आमच्या आळीतल्या सगळ्याच बायका थोडीफार अशी अदलाबदल करायच्या, पण माझ्या आईसारखी ती कुणालाच जमली नाही. तिने बोंबलाची जुडी पुढे केली की समोरचा शेतकरी माप भरल्यावर आपणहून पायलीला वर शीग लावायचा. मी आयुष्यभर मोल करत आले, मोठमोठ्या व्यापाऱ्यांशी भांडले, पण न मागता शीग लावून घेणं मला अजून तिच्याइतकं येत नाही. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे मी तिच्याबद्दल तक्रार करणार आहे.

आगोट जवळ आली, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करायचे दिवस आले, की आमच्या घराचं कोठार होऊन जायचं. पावसात होड्या वर ओढलेल्या असत, समुद्रात कुणी जात नसे आणि घरात खाणारी तोंडं तेवढीच असत. म्हणून उन्हाळाभर आई उन्हाच्या मागे हात धुऊन लागायची. अंगणात बांबूच्या काठ्यांवर बोंबील जोडीजोडीने तोंडात तोंड अडकवून टांगलेले, चटईवर जवळा पसरलेला, दुसऱ्या बाजूला सुपात सांडगी मिरची. कोकमाची सालं आपल्याच रसात बुडवून पुन्हा उन्हात घालायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा घालायची, काळी आणि चामड्यासारखी चिवट होईपर्यंत. फणसाच्या आठळ्या तांबड्या मातीत घोळवून कोपऱ्यात रचून ठेवायच्या. ह्या सगळ्यावर कावळ्यांचा डोळा. आई ओसरीवर बसल्या जागेवरून फुटक्या पत्र्याच्या डब्यावर काठी मारायची आणि तो डबा दिवसभर वाजत राहायचा. मला आजही दुपारी झोप लागताना कुठेतरी पत्रा वाजला तर बरं वाटतं. माझ्या मुलांना ह्याचं हसू येतं.

आईचा एक नियम होता. आलेली वस्तू फेकायची नाही आणि पडत्या भावाने द्यायचीही नाही. तिचं म्हणणं, आज पडत्या भावाने दिलं की उद्या तोच आपला भाव होतो. मिरजोळ्याला माझा स्वतःचा कारखाना आहे, तिथे सुकी मासळी, आमसुलं, लोणची भरली जातात, आणि तिथल्या माझ्या टेबलावर कोणताही गुरुमंत्र चिकटवलेला नाही. पण ज्याने कुणी माझ्याकडून माल घेतला आहे त्याला हा नियम पाठ झालेला आहे. माझ्या मागे लोक म्हणतात, ह्या बाईकडे जाताना जेवून जावं, कारण चहा थंड होईपर्यंत ती एक पैसा सोडत नाही. म्हणोत.

आता मुख्य गोष्टीकडे येते. घरात बाकी सगळी कामं मी करायचे. मासे धुणं, पाठीतून चिरणं, आतली घाण काढणं, समुद्राचं पाणी हंड्याने वाहून आणणं, बोंबील टांगणं, कावळे हाकणं. एकच काम मला बंद होतं, ते म्हणजे खारवणं. माजघरापलीकडच्या अंधाऱ्या खोलीत चिनी मातीच्या उंच बरण्या होत्या, तपकिरी खांद्याच्या. चिरलेल्या बांगड्याला आतून बाहेरून खडेमीठ चोळायचं, बरणीत एक थर मिठाचा, एक थर बांगड्याचा असं भरत न्यायचं, वर फळी ठेवून दगड ठेवायचा. मग मासळीचं स्वतःचं पाणी सुटतं आणि त्या पाण्यात बांगडा पावसाळाभर टिकतो. सांगायला एवढंच आहे. पण मीठ किती, दाब किती, पाणी सुटल्यावर वरून पुन्हा मीठ कधी घालायचं, हे हाताला कळावं लागतं. आणि आमच्या घराण्यात असा समज होता की लेकीने बरणीत हात घालायचा नाही. लेक उद्या लग्न होऊन जाते, तिच्याबरोबर घरातला खार जातो आणि माहेरच्या बरण्या नासायला लागतात. खार द्यायचा तो सुनेला. आईला तिच्या सासूने दिला होता आणि आई तो आपल्या सुनेला देणार होती. मी दारात उभी राहून बघायचे. किती बघितलं असेन सांगता येत नाही. आईचा हात बरणीत गेला की माझी बोटं आपोआप मीठ चोळल्यासारखी हलायची.

दादाचं लग्न झालं आणि वहिनी आली. माहेर राजापूरकडचं, नदीकाठचं. तिचे वडील नदीत होडी चालवायचे, पण त्यांच्याकडे मासळी यायची ती त्याच दिवशी चुलीवर जायची. साठवायची सवय नव्हती. वहिनी गोरी, बारीक आवाजाची, आणि स्वच्छतेच्या बाबतीत भयंकर. हात धुऊन धुऊन तिची बोटं सुरकुतलेली असत. मला ती आवडत नव्हती असं नाही. पण तिला न मागता मिळणार होतं ते मला मागून मिळत नव्हतं, हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

त्या हंगामात आईच्या उजव्या हाताला शिंगाळा माशाचा काटा लागला. हात कोपरापर्यंत सुजला. गरम हळद बांधून ती ओसरीवर बसून होती आणि नेमका त्याच दिवशी रापणीला बांगडा लागला. किनाऱ्यावर ओढलेल्या जाळ्यात एवढा बांगडा होता की वाटे करताना माणसांचे पाय दिसत नव्हते. व्यापारी आला आणि त्याने भाव असा पाडला की ऐकून बाबा नुसते पाण्याकडे बघत राहिले. दुपार झाली की बांगडा मऊ पडणार, मग आम्हीच पाया पडत येऊ, हे त्याला ठाऊक होतं. आळीतल्या बऱ्याच जणांनी दिला. बाबांनी आमचा वाटा घेऊन घरी येत आईला विचारलं.

"देऊन टाकू?"

"त्याला? त्याला मी खवलंसुद्धा देणार नाय," आई म्हणाली. "आत घ्या सगळा. खारवूया."

"हात बघ तुझा."

"हात माझा सुजलाय, सुनेचा नाय."

वहिनीचं तोंड पांढरं पडलं. मी चिरायला बसलेली, हातात कोयती. मी ती तिथेच टाकली आणि उठले.

"तिला ठाऊक हाय काय त्यातलं? आये, तिने आजवर मिठाचं बोट तोंडात घातलं असेल, बरणीत नाय."

"शेवंते, खाली बस."

"नाय बसत. वर्षं गेली माझी दारात उभी राहून. सगळं मला येतं."

"येतं ते सासरी जाऊन कर."

"तिथे बरणी असेल काय?"

मला राग आला की माझं डोकं बंद पडत नाही, उलट जास्त चालायला लागतं. हा गुण मला पुढे धंद्यात उपयोगी पडला. मी आजूबाजूला बघितलं. बांगडा बरणीपेक्षा जास्त होता हे उघड दिसत होतं. आईने भरलेल्या आधीच्या बरण्या बंद होत्या, रिकामी मोठी बरणी एकच. आणि न्हाणीच्या मागे एक जुनी बरणी पडलेली होती, गळ्याला तडा गेलेली, जिच्यात आम्ही राख ठेवायचो.

"उरलेला बांगडा काय करणार?" मी विचारलं.

"बघू."

"मी भरते. राखेच्या बरणीत. ती बरणी तू टाकून दिलेली हाय, म्हणजे घरातली नाय. मग घरातला खार जाईल कसा?"

आईने माझ्याकडे बघितलं. तिला हसू येत होतं हे मला स्पष्ट दिसलं, पण ती हसली नाही.

"आणि नासला तर?"

"तर पुन्हा कधी नाव काढणार नाय. पण टिकला तर पुढच्या वर्षी मोठ्या बरणीला मी बसणार. बोल."

"बरं."

"बरं म्हणजे होय काय?"

"बरं म्हणजे होय."

मी बाबांकडे वळले. "बा, ऐकलंस ना?"

बाबा तंबाखू चोळत होते. "मला कानाला दडे बसलेत," ते म्हणाले. "सकाळपासून वारा हाय."

संध्याकाळपर्यंत मी चिरत होते, भरत होते. वहिनी आतल्या खोलीत आई सांगेल तसं करत होती. आई दारात बसून डाव्या हाताने खुणा करायची. माझ्याकडे तिने एकदाही बघितलं नाही, आणि मला त्याचा राग नव्हता. माझ्या बोटांच्या चिरांमध्ये मीठ गेलं होतं, हात पेटल्यासारखे झाले होते आणि मला इतकं बरं आयुष्यात फार वेळा वाटलेलं नाही. तडा गेलेल्या गळ्याला मी डांबर लावून चिंधी गुंडाळली. फळीवर पाट्याचा तुटका वरवंटा ठेवला. पाणी सुटलं तेव्हा मला न कळता मी ते बोटाने चाखलं, आई चाखायची तसं.

मग पाऊस आला आणि आम्ही साठवलेल्यावर जगू लागलो. त्या जेवणाबद्दल लिहावं तेवढं थोडं. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि चुलीत भाजलेला बोंबील. दुपारी कुळथाची पिठी, भात, वर आमसुलाची कढी. आठळ्या घातलेली जवळ्याची चटणी. बाहेर समुद्राचा आवाज असा की आपसात बोलायचं तर ओरडावं लागे, आणि आत चुलीच्या धगीला सगळे दाटीवाटीने बसलेले. आईच्या हिशोबात प्रत्येक वस्तू कधी काढायची ते ठरलेलं असे. कुणी जास्त मागितलं तर म्हणायची, श्रावणात खायला तुझा बाप आणणार काय? बाबा समोर बसलेले असले तरी म्हणायची.

आमच्या आळीत एक रीत होती. नव्या सुनेने पहिल्यांदा खारवलेली बरणी आषाढात उघडायची, बांगडा निखाऱ्यावर भाजायचा आणि आळीतल्या बायकांना बोलावून पेजेबरोबर वाढायचा. वरवर जेवण, खरं तर परीक्षा. परीक्षक ठरलेली, काशीकाकू. तिचं घर आमच्या समोर. तिने एकदा एका सुनेला 'अळणी' म्हटलं होतं, तर त्या बाईची नातवंडं झाली तरी आळी तिला अळणीच म्हणत होती.

त्या दिवशी सकाळी मी विहिरीवरून आले तर आतल्या खोलीतून वास आला. खाऱ्या मासळीचा वास मला लहानपणापासून प्रिय आहे. हा तो नव्हता. आत गेले तर मोठ्या बरणीचं तोंड उघडं होतं, आणि राखेच्या बरणीचंही. आई पाटावर बसून माझ्या बरणीतले बांगडे एकेक करून टोपात काढत होती. कडक, चकचकीत, पोटाला किंचित पिवळसर झाक आलेले. टिकलेले. मागच्या दाराशी वहिनी पदर तोंडात कोंबून उभी होती.

तिने काय केलं होतं ते आईने मला तिथेच दोन वाक्यांत सांगितलं. आम्ही बांगडा समुद्राच्या पाण्यात धुतो. खारवायच्या मासळीला विहिरीचं पाणी लावायचं नाही, लावलं की ती मऊ पडून सुटायला लागते. हे आम्हाला इतकं ठाऊक की आईला ते सांगावंसंही वाटलं नाही. आणि वहिनीला बांगड्याला चिकटलेली वाळू बघवली नव्हती. आई हातावरची हळद बदलायला उठली तेवढ्यात तिने पाटीभर मासळी विहिरीच्या गोड्या पाण्याने स्वच्छ धुऊन काढली होती.

"ते माझे बांगडे हायत," मी म्हटलं.

"हळू बोल. होय, तुझे."

"टिकले."

"टिकले."

"मग बोली ठरली होती."

"ठरली होती. जिंकलीस तू. आता तोंड मिट. माझ्या बरण्यांतले काशी पहिल्या घासात ओळखेल. हे हिच्या बरणीतले म्हणून जाणार हायत."

मी टोपाची कड धरली. आईने हातातला बांगडा टोपात ठेवला.

"ऐक. तुला आज ना उद्या जायचंय. हिला ह्या आळीत मरायचंय. काशीने आज एक शब्द टाकला तर हिला तो जन्मभर पुरेल. तुझ्याने भरून निघणार नाय, माझ्यानेही नाय."

"म्हणून मी गप्प बसायचं?"

"होय."

"फुकट?"

वहिनीने पदर तोंडातून काढला आणि आमच्याकडे बघत राहिली. तिच्या माहेरी अशा वेळी बायका रडत असतील, भाव ठरवत नसतील.

आई म्हणाली, "काय हवं?"

"पुढच्या वर्षी मोठी बरणी."

"ती नाय. ती हिची. दुसरं माग."

बाहेर काशीकाकूचा आवाज आला. ती छत्री झटकत कुणाला तरी सांगत होती की आज पोट रिकामं ठेवलंय. मला ठाऊक होतं की वेळ माझ्या बाजूने आहे, आणि आईलाही ठाऊक होतं. असा सौदा मी नंतर पुष्कळदा केला, पण समोर आई कधी नव्हती.

"मला बाजाराला ने," मी म्हटलं. "राजापूरला. माल घेऊन तू जातेस तिथे. दर वेळी. आणि बोलणार मी."

मुलीला कुणी बाजारात नेत नसे. आईचे खांदे पडले.

"बरं," ती म्हणाली.

"बरं म्हणजे?"

"होय, मेले, होय. निखारे फुलव."

मीच भाजले. मीच ताटलीत घातले आणि बाहेर नेऊन वाढले, कारण वहिनी मागच्या दारातून हलेना. काशीकाकूने काटा काढला, तुकडा तोंडात ठेवला, डोळे मिटले आणि वर पेजेचा एक भुरका मारला. मग आईला म्हणाली, "सुनेच्या हाताला खार हाय गो. तुझ्यापेक्षा बरा." आणि मला म्हणाली, "बघून ठेव शेवंते, शीक जरा." मी ताटली तिच्या डोक्यात घातली नाही, ह्याचं श्रेय मी अजूनही स्वतःला देते. नासलेले बांगडे त्या दुपारी आईने माडांच्या मुळांत पुरले. ते वाया गेले असं ती कधी म्हणाली नाही. पुढल्या वर्षी नारळ चांगले आले.

पाऊस संपल्यावर आईने शब्द पाळला. एसटीच्या टपावर मासळीच्या पाट्या, आत आम्ही दोघी, आणि आमच्या शेजारी कुणी बसायला तयार नाही. मोल करणं म्हणजे जोरात बोलणं अशी माझी समजूत होती. आई बाजारात बसली की बोलतच नसे. माल मांडायची, सगळ्यात चांगला बांगडा पाल्याखाली झाकून ठेवायची आणि गिऱ्हाईकाच्या शेताची, गुरांची विचारपूस करत बसायची. शेवटी तोच विचारायचा, त्या पाल्याखाली काय आहे? "ते नको बघूस," आई म्हणायची, "ते एकाला कबूल केलंय." कबूल कुणालाच केलेलं नसे. मी पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्याशी भांडून त्याला हाकलला, तेव्हा आई फक्त म्हणाली, "त्याच्याकडे कोकमाची बाग होती." एवढंच. ते मला रागावण्यापेक्षा जास्त लागलं. मी स्वतःच्या हिमतीवर उभी राहिले असं मी सगळ्यांना सांगते आणि ते खोटं नाही. पण पाल्याखाली काय ठेवायचं ते मला तिने शिकवलं.

आणि मोठ्या बरणीला वहिनी बसू लागली. मी शेजारी चिरायला. आई बाहेर गेली की वहिनी हलक्या आवाजात विचारायची, "वन्सं, एवढं पुरे?" मी मान न वळवता म्हणायचे, "आणखी मूठभर." असं माझं लग्न होईपर्यंत चाललं. तिला खार आईने दिला असं आळी समजते. तिला तो कुणी दिला ते आम्हा तिघींना ठाऊक होतं. आईने मरेपर्यंत ह्याबद्दल एक अक्षर काढलं नाही, आणि मी ते अजून विसरलेले नाही. तिचं बरोबर होतं हे मला मान्य आहे. तरी माझं येणं बाकी राहिलंच.

मागच्या वर्षी पुतण्याच्या मुलीचं बारसं होतं. वहिनी आता थकली आहे, गुडघे गेलेत, पण तिच्या खाऱ्या बांगड्याला मांडवीत अजून मान आहे. आळीतल्या बायका जमल्या होत्या आणि काशीकाकूची सून, जी आता स्वतःच काशीकाकू झाली आहे, तिने नव्या सुनांना जुनी गोष्ट सांगायला घेतली. वहिनीची पहिल्याच वर्षी कशी परीक्षा झाली आणि हिने कसे बांगडे वाढले. वहिनी पाळण्याची दोरी धरून बसली होती. ती एकदम म्हणाली, "ते बांगडे माझे नव्हते. वन्संचे होते. माझे नासले होते."

इतकी वर्षं ज्याची वाट बघत होते ते असं भर बारशात, घुगऱ्यांच्या ताटाशी आलं होतं.

मग काशीकाकूच्या सुनेने डोळ्यांना पदर लावला. "बघितलंत?" ती पोरींना म्हणाली. "ह्याला म्हणतात घराणं. नणंदेला मान द्यायला स्वतःच्या हाताला नाव ठेवते."

"मान कसला?" मी म्हटलं. "खरंच माझे होते. मी राखेच्या बरणीत भरले होते." माझा आवाज चढला असावा, कारण सगळ्या हसल्या. एकीने तर माझ्या पाठीवर थोपटलं.

सगळ्या गेल्यावर मी वहिनीशेजारी जाऊन बसले. ती हसत होती, तिचे खांदे हलत होते.

"मी सांगितलं, वन्सं. आता ते मानत नाहीत त्याला मी काय करू?"

"आणखी जोरात सांगायचंस."

"सोमवारी बांगडा येणार आहे," ती म्हणाली. "माझ्याने वाकवत नाही. सुनेला कामाला जायचं असतं. येता काय भरायला?"

"मोठी बरणी?"

"मोठीच."

मी तिच्याकडे बघितलं. "आणि नाव कुणाचं लागणार?"

"नाव माझंच लागणार," वहिनी म्हणाली. "आता ते कोण बदलणार?"

मी बराच वेळ घासाघीस केली. तिने एक शब्द सोडला नाही. सोमवारी मी मिरजोळ्याचं काम मुलावर टाकलं आणि सकाळच्या रिक्षाने मांडवीला गेले.